पोस्टर उतरवल्यानंतरची दोन वर्षे

मा. राज्यपाल तथा कुलपती,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे,
मुंबई.

महोदय,



मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझी मागणी एकच आहे, म्हणून आडवळण न घेता ती आधीच मांडतो. कुलपती कार्यालयाच्या पुढाकारातून सुरू झालेल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सवात दरवर्षी जे प्रकल्प निवडले जातात, त्यांतल्या निदान काहींना पुढची दोन वर्षे तेच काम करत राहण्यासाठी पैसा, उपकरणे आणि माणूस मिळावा. त्यांना नवा विषय शोधायला लावू नये. तोच प्रश्न, तोच नमुना, तेच गाव पुन्हा तपासण्याची त्यांना मुभा असावी.

‘आविष्कार’ने आमच्यासारख्या महाविद्यालयांना काय दिले, हे आधी सांगायला हवे. भाषा आणि मानव्यविद्या, वाणिज्य आणि विधी, मूलभूत विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक आणि औषधनिर्माण असे सहा गट एका छताखाली येतात. एरवी आमच्याकडे रसायनशास्त्राच्या मुलीला शेजारच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात काय चालले आहे हे वर्ष-वर्ष कळत नाही. इथे ती दोन वेगळ्या विषयांच्या पोस्टरांमधल्या दोन हातांच्या जागेत उभी असते. एका बाजूला उसाच्या पाचटापासून विटा करणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला तिसरीतल्या मुलांची वाचनक्षमता मोजून आलेली बी.एड.ची विद्यार्थिनी, आणि मध्ये अडुळशाच्या अर्काने काचेच्या बशीतल्या जिवाणूंची वाढ थांबते का, हे सांगणारी ती स्वतः. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी मोठ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या प्रश्नाला न अडखळता उत्तर देते, तेव्हा तिच्या शिक्षकाला काय वाटते ते मला ठाऊक आहे. मी परीक्षकांच्या बाजूनेही बसलो आहे, त्यामुळे हे दोन्हीकडून पाहिले आहे.

अडचण सुरू होते ती संध्याकाळी, बक्षिसे वाटून झाल्यावर. पोस्टर गुंडाळली जातात. पुढच्या वर्षी तोच विद्यार्थी, किंवा त्याच्या मागचा विद्यार्थी, तेच काम पुढे नेऊन आला, तर परीक्षकांचा पहिला प्रश्न असतो, ‘यात नवीन काय?’ प्रश्न गैर नाही. पण गुणपत्रिकेत त्याचे वजन इतके असते की मार्गदर्शक शिक्षक त्यापासून एकच धडा घेतो: विषय बदला. मग अडुळशाच्या जागी निर्गुडी येते, निर्गुडीच्या जागी टाकळा येतो, आणि अडुळशाचा पहिला निकाल खरा होता की त्या दिवशी बशी नीट निर्जंतुक झाली नव्हती, हे कायमचे अज्ञात राहते.

मी ज्या विषयात काम करतो तिथला अनुभव जरा जवळून सांगतो. पदार्थविज्ञानात आमच्यासारख्या गरीब प्रयोगशाळेला परवडणारी एक सुंदर पद्धत आहे, रासायनिक स्नानाची. काचपट्टी आधी साबणाच्या पाण्याने, मग आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायची. बीकरमध्ये कॅडमियम सल्फेटचे द्रावण घ्यायचे आणि त्यात थेंब थेंब अमोनिया सोडायचा. पहिल्या थेंबांनी द्रावण पांढरट गढूळ होते. अमोनिया घालत राहिले की गढूळपणा विरघळून ते पुन्हा नितळ होते. मग थायोयुरिया घालून काचपट्ट्या उभ्या लावायच्या आणि बीकर सत्तर अंशांच्या पाण्यात ठेवायचे. थोड्याच वेळात द्रावणाला पिवळी झाक येते, ती दाट होत नारिंगीकडे झुकते, आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा थर बसतो. त्याची जाडी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. असाच थर कॅडमियम टेल्युराइडच्या सौरघटांमध्ये वापरला गेला आहे. यासाठी निर्वात पंप लागत नाही, महागडी भट्टी लागत नाही. लागतो तो हात आणि घड्याळ.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने या साध्या बीकरमधून जगाच्या नकाशावर आपली जागा केली. आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांनी २००० साली या पद्धतीचा जो आढावा प्रसिद्ध केला, तो आजही देशोदेशीचे संशोधक संदर्भ म्हणून देतात. चार बीकर ओळीने मांडून काचपट्टी एकातून दुसऱ्यात बुडवत जाण्याची दुसरी पद्धत १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी मांडली. तीही कोल्हापुरात घट्ट रुजली. दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांमध्ये पातळ थरांवर काम करणाऱ्यांत कोल्हापूरकडची मुले भेटतात, त्यामागे हीच परंपरा आहे. ती एका वर्षाच्या पोस्टरातून आलेली नाही. एका विभागाने एकच गोष्ट दशकानुदशके धरून ठेवली. एका पिढीने आम्लता बदलून पाहिली, दुसरीने तापमान, तिसरीने धातू. प्रत्येकाच्या हाताखाली आधीच्याची वही होती.

आता तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी हेच करतो तेव्हा काय होते ते पाहा. ऑगस्टमध्ये विषय ठरतो, सप्टेंबरमध्ये रसायने येतात, दिवाळीनंतर थर बसू लागतात. क्ष-किरण विवर्तनासाठी नमुने विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात पाठवायचे, शुल्क भरायचे आणि क्रमांकाची वाट पाहायची. आलेख हाती येतो तोवर पोस्टर छापायची वेळ झालेली असते. आलेखातली शिखरे अपेक्षित जागी दिसली की काम झाले असे धरून चालतात. दुसऱ्या आठवड्यात केलेल्या थराची जाडी तेवढीच येते का? पावसाळी हवेत महिनाभर ठेवला तर थर काचेपासून सुटतो का? आणि बीकरमध्ये उरलेल्या पाण्यातल्या कॅडमियमचे, या विषारी धातूचे, काय करायचे? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या गावात आम्ही हा प्रयोग करतो त्या गावचा ओढा महाविद्यालयाच्या मागूनच जातो. पोस्टरवर त्याला रकाना नसतो. दुसरे वर्ष मिळाले, तर हाच प्रश्न कुणा विद्यार्थ्याचा मुख्य प्रकल्प होऊ शकेल.

जीवशास्त्रात चिकाटीचे फळ कसे दिसते, यासाठी फलटणचे उदाहरण देतो. ती विद्यापीठाची प्रयोगशाळा नाही, खासगी संशोधन संस्था आहे, पण आपल्या अखत्यारीतल्या कृषी आणि पशुवैद्यक विद्यापीठांनी त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. आपल्या भागातली दख्खनी मेंढी काटक असते. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालते, दुष्काळात कशावरही भागवते. पण ती बहुधा एका वेतात एकच कोकरू देते. धनगराचे उत्पन्न लोकरीवर राहिलेले नाही, ते कोकरे विकण्यावर आहे. म्हणजे मेंढीमागे एकाची दोन कोकरे झाली, तर घरातला हिशेबच बदलतो. तिकडे बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची ठेंगणी मेंढी आहे. ती सहज जुळी देते, कधी तिळीही. ऑस्ट्रेलियातल्या बुरुला मेरिनो मेंढ्याही जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांपासून हा गुण त्यांच्यात उतरला, असे पुढे दिसून आले. दोन्हींत एकच जनुक-बदल आहे. त्याला फेक-बी म्हणतात.

फलटणकरांनी १९९०च्या दशकात गारोळ मेंढे आणले. नुसता संकर करून भागणार नव्हते. पहिल्या पिढीची मेंढी जुळी देईल, पण ती लहानखुरी असेल, आणि लहान कोकराला बाजारात भाव नाही. म्हणून तिची पिल्ले पुन्हा दख्खनीकडे वळवायची, त्यांची पिल्ले पुन्हा दख्खनीकडे. असे करत गारोळ रक्त कमी होत गेले पाहिजे आणि तो एक गुण तेवढा टिकला पाहिजे. प्रत्येक पिढीत निम्म्या पिल्लांमध्ये तो उतरतो, निम्म्यांमध्ये उतरत नाही. मादी व्याल्यावर अंदाज बांधता येतो. नराचे काय? तो स्वतः वीत नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट पाहायची, म्हणजे एका नराची पारख व्हायला वर्षे जायची. २००१ मध्ये संशोधकांच्या तीन वेगवेगळ्या गटांनी हा बदल नेमका कोणत्या जनुकात आहे ते शोधले. त्यानंतर रक्ताच्या नमुन्यावरून कोकराची चाचणी करता येऊ लागली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या कामात साथ दिली. रसायनशास्त्राची म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा आणि फलटणच्या माळावरचा कळप यांची गाठ अशी पडली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांबरोबर हे काम पुढे नेले, आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी उभी राहिली.

महोदय, यातला शेवटचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुण असलेली जनावरे मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपात दिली गेली आणि तिथे नोंदी ठेवल्या गेल्या. संस्थेच्या गोठ्यात जुळी जगणे आणि वाड्यावर, रोज तळ हलवणाऱ्या कळपात जगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही कोकरांना दूध पुरते का, आईबरोबर ती चालू शकतात का, घरच्या बाईला त्यांच्यामागे किती वेळ द्यावा लागतो, या प्रश्नांची उत्तरे वाड्यावरच मिळतात. एखाद्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी ‘गारोळ संकरातून जुळ्यांचे प्रमाण वाढते’ असे पोस्टर लावले असते, तर त्याला बक्षीस मिळाले असते आणि काम तिथेच थांबले असते. मेंढपाळाच्या हाती काही पडले नसते.

शिक्षणशास्त्राकडे आपण सहसा संशोधन म्हणून गंभीरपणे पाहत नाही. ‘आविष्कार’मध्येही त्या पोस्टरांसमोर गर्दी कमी असते. खरे तर फेरतपासणी म्हणजे काय, हे आपल्या राज्यातल्या एका शैक्षणिक प्रयोगाने जगाला शिकवले. मुंबईत १९९०च्या दशकात ‘प्रथम’ संस्था सुरू झाली. तिचे एक संस्थापक माधव चव्हाण मुळात रसायनशास्त्रज्ञ. वस्तीतल्याच, बेताच्या शिकलेल्या तरुण मुली ‘बालसखी’ म्हणून महापालिकेच्या शाळेत येत आणि तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळे घेऊन वाचन-गणित शिकवत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची शिस्तशीर तपासणी केली. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत वेगळ्या इयत्तेला, आणि फरक मोजला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली.

इथेच थांबता आले असते. ते थांबले नाहीत. उत्तर प्रदेशात गावातल्या स्वयंसेवकांकडून वर्ग चालवून पाहिले. जी मुले आली ती शिकली, पण बहुतेक मुले आलीच नाहीत. बिहार आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिले. वर्षभराच्या नेहमीच्या शाळेत त्याचा उपयोग झाला नाही, कारण शिक्षक पुन्हा अभ्यासक्रम संपवण्याच्या मागे लागले. मग २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला. इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार पाडले, आणि देखरेखीची सोय केली. तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनही ते साधले. मुंबईतले पहिले यश खरे होते. पण ते कुठे टिकते आणि कुठे कोसळते, हे मधल्या अपयशांनीच दाखवले. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेलेल्या कामात हा मुंबईचा धागा आहे. आमच्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने तिसरीतल्या मुलांची वाचनक्षमता मोजली आहे. पुढच्या जानेवारीत तीच मुले चौथीत असतील. त्यांना पुन्हा मोजायला तिला परत पाठवा, एवढेच मी म्हणतो.

अभियांत्रिकीबद्दल थोडक्यात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. तिथले विद्यार्थी गावात जाऊन नळयोजना का बंद पडली, विहिरीची पातळी कोणत्या महिन्यात तळाला जाते, असल्या प्रश्नांवर काम करतात. ‘पोकरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत त्याच संस्थेतून आली. शहापूर तालुक्याचे उदाहरण घ्या. भातसा, तानसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. एका उन्हाळ्यातल्या मोजणीवर अशा ठिकाणी काहीच ठरवता येत नाही. एक वर्ष पाऊस बरा, एक वर्ष कमी. विहिरीची पातळी निदान तीन उन्हाळे मोजली, तरच नळयोजनेचा आराखडा शहाणपणाने करता येतो. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य शाखेची मुले अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी तेच ते तयार आराखडे नव्याने छापतात, आणि त्यांच्याच तालुक्यात मोजायला हव्यात अशा विहिरी पडून आहेत. हे मला फार अस्वस्थ करते.

मग आम्ही शिक्षक तरी एका प्रश्नाला का चिकटून राहत नाही? कारण गेली पंधराएक वर्षे आमची किंमत शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकनाची पद्धत आणली, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याचे मोजमाप पुण्यातच झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक साध्या निकषांवरही टिकली नाहीत. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, आणि २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. नियतकालिक कसे पारखावे याची सूचक मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि निर्णय संस्थांवर सोपवला. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती तर २०२२ च्या नियमांतच काढली आहे.

म्हणजे आज चेंडू विद्यापीठांच्या अंगणात आहे, आणि विद्यापीठांचे कुलपती आपण आहात. एखाद्या विद्यापीठाने ठरवले की पदोन्नतीच्या वेळी शिक्षकाने एखादा जुना निकाल पुन्हा तपासून पाहिला, आणि तो चुकीचा निघाला तरी प्रामाणिकपणे मांडला, तर त्या कामाला नव्या निबंधाइतकेच वजन मिळेल, तर आता त्याला दिल्लीच्या यादीची आडकाठी उरलेली नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी शिक्षक हे करायला तयार आहेत. फसलेल्या प्रयोगांच्या वह्या त्यांच्या कपाटात आहेत. त्या बाहेर काढल्या, तर दुसऱ्या तालुक्यातल्या मुलीचे सहा महिने वाचतील.

माणसांचाही प्रश्न आहे. अनेक महाविद्यालयांत शिकवणारे आणि प्रकल्पांना मार्गदर्शन करणारे तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. नेट-सेट झालेले, कित्येक पीएच.डी. असलेले. शैक्षणिक वर्ष संपले की त्यांची नेमणूक संपते. पुढच्या वर्षी ते याच महाविद्यालयात असतील की शेजारच्या जिल्ह्यात, त्यांनाही माहीत नसते. त्यांनी दोन वर्षांचा प्रकल्प कुठल्या भरवशावर हाती घ्यावा? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलने करावी लागली, ती सर्वांनी पाहिली आहेत. उपकरणांचे तर विचारू नका. यंत्र विकत घ्यायला अनुदान मिळते, दुरुस्तीला मिळत नाही, आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद निवृत्तीनंतर भरले जात नाही. एखाद्या महाविद्यालयात वर्णपटमापक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली असतो आणि तिथून तासाभराच्या अंतरावरची मुले तशाच यंत्रासाठी पुण्याला नमुने पाठवत असतात. देशभरातली उपकरणे सर्वांसाठी खुली व्हावीत म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर जिल्ह्यातले चालू यंत्र सापडण्यासाठी आधी ते चालू असावे लागते.

मागणी आता नेमकेपणाने मांडतो. प्रत्येक विद्यापीठाने ‘आविष्कार’मधल्या मोजक्या प्रकल्पांची निवड करावी. गटागटाला बक्षिसाचा वाटा म्हणून नको, पुन्हा तपासण्याची खरी गरज आहे की नाही एवढाच निकष असावा. त्यांना दोन वर्षांचा निधी मिळावा, आणि त्यात प्रवास, नमुना-चाचणी आणि दुरुस्ती यांचा खर्च धरलेला असावा. मार्गदर्शक तासिका तत्त्वावरचा असेल, तर प्रकल्पाच्या मुदतीपुरती त्याची नेमणूक पक्की असावी. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून वही महाविद्यालयाची असावी आणि पुढच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने ती हाती घ्यावी. ज्या गावातून, ज्या शाळेतून, ज्या मेंढपाळाकडून माहिती घेतली, त्यांच्यापुढे शेवटी निकाल मराठीत मांडणे हा प्रकल्पाचाच भाग धरावा. आणि निवड झालेल्या सर्वच पोस्टरांना कायमची जागा असावी. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. बी.एस्सी.च्या मुलीने अडुळशावर केलेल्या कामासाठी तसे काही नाही. सारांशाची पुस्तिका निघते ती बहुधा त्या सोहळ्यापुरती.

निधीची जुळवाजुळव व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे. पुढच्या ‘आविष्कार’च्या नियमावलीत एवढेच नमूद व्हावे की आधीच्या वर्षीच्या, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, प्रकल्पाची पुनर्तपासणी हा सादरीकरणाचा ग्राह्य विषय आहे, आणि निकाल उलट निघाला म्हणून गुण कमी होणार नाहीत. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत त्यासाठी वेगळा रकाना असावा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये प्रकल्पांचे विषय ठरतात. त्याआधी हे परिपत्रक महाविद्यालयांपर्यंत पोहोचावे, ही विनंती.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक